मधला कौल : बारामती-इंदापूरच्या निमित्ताने

‘मध्यावधी निवडणूक’ हे शब्द कानावर पडले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोसळलेले सरकार उभे राहते. कोणीतरी पाठिंबा काढून घेतला, सभागृह विसर्जित झाले आणि मुदत संपण्याआधीच मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले, असा या शब्दाचा आपल्याकडील अर्थ आहे. अमेरिकेत याच अर्थाच्या शब्दाला अपघाताचा असा स्पर्श नाही. तेथे अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर प्रतिनिधिगृहाच्या सर्व आणि सेनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागांसाठी मतदान होते. ते पंचांगातील तिथीसारखे आधीच ठरलेले असते. एक शब्द मोडलेल्या मुदतीचा आहे, तर दुसरा मोजलेल्या मुदतीचा.

मधल्या मतदानात सत्ताधारी पक्षाला फटका बसतो, असे एक सर्वमान्य निरीक्षण आहे. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे, असे आम्हांला वाटते. असा फटका बसल्यावर त्यातून शहाणा होण्याची संधी प्रथम सत्ताधाऱ्यालाच मिळते, आणि तो शहाणा झाला तर काही अंशी मतदाराचेही काम होते. आपल्या व्यवस्थेत ही सोय कोणी ठरवून केलेली नाही. ती वेगवेगळ्या निवडणुकांच्या वेगवेगळ्या तारखांमुळे आपोआप होत आली आहे. जे आपोआप आले ते नकळत जाऊही शकते. म्हणून तिचा विचार करावयाचा, आणि तो बारामती व इंदापूर या दोन शेजारच्या तालुक्यांच्या आधाराने करावयाचा. मतमोजणीचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण ‘कौल’, ‘लाट’, ‘इशारा’ या शब्दांचा अर्थ लावणे हे भाषेच्या अध्यापकांचेही काम आहे.

प्रथम अमेरिकेतील नियम पाहू. १९३४ ते २०२२ या काळात तेथे तेवीस वेळा असे मधले मतदान झाले. त्यांपैकी १९३४, १९९८ आणि २००२ हे तीन अपवाद सोडले, तर प्रत्येक वेळी अध्यक्षाच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील जागा गमावल्या. याचे एक स्पष्टीकरण अँगस कॅम्बेल या अभ्यासकाने १९६० मध्ये मांडले. अध्यक्षाच्या निवडणुकीत उत्साहाची भरती येते आणि एरवी उदासीन असणारे मतदारही बाहेर पडतात. दोन वर्षांनी ओहोटी लागते, तेव्हा नेहमीचे मतदार आणि नाराज मतदार एवढेच उरतात. हे पटण्याजोगे आहे. तथापि पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाने आणि २०१० मध्ये ओबामा यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील पन्नासाहून अधिक जागा आणि बहुमत गमावले. आणि तरीही १९९६ व २०१२ मध्ये हे दोघे पुन्हा अध्यक्ष झाले. उलट २०१८ च्या फटक्यानंतर २०२० मध्ये ट्रम्प पराभूत झाले, आणि २०२२ मध्ये प्रतिनिधिगृह गमावणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ मध्ये अध्यक्षपदही गमावले. म्हणजे मधला पराभव पुढच्या पराभवाचे भविष्य सांगत नाही. तो फक्त वेळ देतो, आणि त्या वेळेचे काय करावयाचे हे पराभूताच्या हाती राहते.

आपल्याकडील अस्सल मध्यावधी निवडणुकांचा इतिहास यापेक्षा अधिक विस्कळीत आहे. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी मुदतीच्या वर्षभर आधी निवडणूक घेतली आणि ३५२ जागा मिळवल्या. १९९९ मध्ये महाराष्ट्रातील युती सरकारनेही मुदतीच्या सुमारे सहा महिने आधी विधानसभेची निवडणूक लोकसभेबरोबर घेतली, आणि सत्ता गमावली. या १९९९ कडे जरा थांबून पाहावे लागते. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती अपक्षांच्या मदतीने सत्तेवर आली. पुढच्याच वर्षी लोकसभेत तिने राज्यातील ४८ पैकी ३३ जागा जिंकल्या. १९९८ मध्ये केंद्रातील सरकार पडल्यामुळे पुन्हा लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा राज्यातील युती सरकारला तीन वर्षे होत आली होती. त्या मतदानात युतीच्या जागा ३३ वरून १० वर आल्या. अमेरिकेतील मधल्या मतदानाशी इतके तंतोतंत जुळणारे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. फरक इतकाच की तारीख आपण ठरवली नव्हती, दिल्लीतील गडगडाटाने ती आपल्या अंगणात आणून टाकली होती.

युतीने त्या इशाऱ्याचे काय केले? फेब्रुवारी १९९९ मध्ये मुख्यमंत्री बदलला. मनोहर जोशी गेले आणि नारायण राणे आले. त्यानंतर काही महिन्यांतच, म्हणजे सप्टेंबरमध्ये, लोकसभा व विधानसभा या दोन्हींचे मतदान एकत्र घेण्यात आले. निकाल आजही विचार करावयास लावणारा आहे. तेच मतदार, तोच दिवस, तेच केंद्र. लोकसभेच्या २८ जागा युतीला मिळाल्या, आणि विधानसभेत मात्र ती १२५ वर थांबली. परस्परांविरुद्ध लढलेल्या काँग्रेसला ७५ व राष्ट्रवादी काँग्रेसला ५८ जागा मिळाल्या आणि निकालानंतर त्या दोघांनी मिळून सरकार स्थापन केले. मतदाराला दोन मतपत्रिकांतील फरक कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना १९९९ हे पुरेसे उत्तर आहे.

बारामती आणि इंदापूरमध्ये ‘सत्ताधारी पक्ष’ हा शब्दच सांभाळून वापरावा लागतो. मुंबईत किंवा दिल्लीत सत्ता कोणाची, हा एक प्रश्न. कारखाना, बँक, दूधसंघ, बाजार समिती कोणाच्या हाती, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ आणि २००४ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. युतीच्या सरकारात ते मंत्री होते आणि पुढे काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारातही. तेथील मतदाराने सरकारविरोधी मत द्यावयाचे म्हणजे नेमके कोणाला द्यावयाचे?

बारामती लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकाही हेच सांगतात. डिसेंबर १९८४ च्या प्रचंड काँग्रेस लाटेत येथून समाजवादी काँग्रेसचे शरद पवार निवडून आले. पुढच्याच वर्षी ते विधानसभेत परतल्यामुळे पोटनिवडणूक झाली आणि जनता पक्षाचे संभाजीराव काकडे विजयी झाले. १९९१ मध्ये अजित पवारांनी रिकामी केलेल्या जागेवर शरद पवार आले. ते मुख्यमंत्री म्हणून महाराष्ट्रात परतल्यावर १९९४ मध्ये काँग्रेसचे बापूसाहेब थिटे निवडून आले. या शेवटच्या पोटनिवडणुकीत सत्ताधारी पक्ष सुखरूप राहिला; आणि वर्षभरातच राज्यात ८० जागांवर येऊन त्याने सत्ता गमावली. बालेकिल्ल्यातील पोटनिवडणूक ही बालेकिल्ल्याचीच खबर देते, राज्याची नव्हे. ज्याला राज्याची नाडी पाहावयाची आहे त्याने दुसरीकडे हात लावावा.

तालुक्याची नाडी मात्र कारखान्याच्या निवडणुकीत लागते. २०१५ मध्ये माळेगाव सहकारी साखर कारखाना अजित पवारांच्या गटाच्या हातून गेला आणि चंद्रराव व रंजन तावरे यांच्या पॅनेलकडे आला. ज्या तालुक्याने आदल्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत अजित पवारांना भरघोस मतांनी निवडून दिले होते, त्याच तालुक्यातील सभासदांनी कारखान्यात त्यांच्या गटाला नकार दिला. २०२० मध्ये तो कारखाना त्यांच्या गटाने पुन्हा मिळवला आणि २०२५ मध्ये राखला. कारखान्याच्या निवडणुकीत देश, धर्म, जात हे विषय अगदीच नसतात असे नाही; पण सभासदाच्या डोळ्यांसमोर उसाच्या बिलाचा कागद असतो. टनामागे शेजारच्या कारखान्याने किती दिले आणि आपल्याने किती, हा हिशेब कोणत्याही भाषणाने पुसता येत नाही. विधानसभेचे मत नेत्याला, कारखान्याचे मत दराला, अशी ही विभागणी आहे. आणि ती येथील माणसे फार पूर्वीपासून करीत आली आहेत.

२०२४ मध्ये जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. ७ मे २०२४ रोजी बारामतीत लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा एका बाजूस सुप्रिया सुळे आणि दुसऱ्या बाजूस सुनेत्रा पवार होत्या. केंद्र व राज्य या दोन्ही सत्ता, बहुतेक आमदार आणि संस्थांची यंत्रणा दुसऱ्या बाजूस होती. इंदापूरचे चित्र तर विलक्षण होते. २००९ पासून एकमेकांविरुद्ध लढत आलेले दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील हे दोघेही त्या वेळी महायुतीत असल्याने सुनेत्रा पवारांच्या बाजूस उभे होते. तालुक्याचे दोन्ही गट एका तराजूत. तरीही इंदापुरातून आघाडी मिळाली ती सुप्रिया सुळे यांना. बारामती विधानसभा क्षेत्रातून त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली आणि संपूर्ण मतदारसंघातून त्या १,५८,३३३ मतांनी विजयी झाल्या. राज्यात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या.

साडेसहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर रोजी, विधानसभेचे मतदान झाले. बारामतीत अजित पवारांनी युगेंद्र पवारांचा १,००,८९९ मतांनी पराभव केला. इंदापुरात भरणे यांनी, दरम्यान शरद पवारांच्या पक्षात गेलेल्या हर्षवर्धन पाटील यांचा १९,४१० मतांनी पराभव केला. राज्यात एकट्या भाजपने १३२ जागा जिंकल्या.

या साडेसहा महिन्यांत काय झाले? त्या काळात बारामती परिसरात एक वाक्य सर्वतोमुखी होते : ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा.’ भाषेच्या विद्यार्थ्यांनी या वाक्याकडे लक्ष द्यावे. त्यात क्रियापद नाही आणि कर्ताही नाही. निर्णय घेणारा मतदार वाक्यातून स्वतःला वगळतो. पक्ष नाही, चिन्ह नाही. आहेत ती दोन सभागृहे आणि दोन नातेवाचक शब्द. ‘ला’ हा प्रत्यय येथे दिवाळीला, लग्नाला या शब्दांत येतो तसा आला आहे. प्रसंग पाहून माणूस निवडावा, तसा. वाटणी करताना घरातील थोरांनी दोन्ही लेकरांच्या ताटात काही ना काही वाढावे, असा या वाक्याचा सूर आहे. याचा अर्थ असा की, नोव्हेंबरचा निकाल हा केवळ सत्ताधाऱ्यांनी केलेल्या दुरुस्तीचा परिणाम नव्हता. निदान बारामतीत तो काही प्रमाणात मेमध्येच ठरलेला होता. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु राज्याची गोष्ट नातेसंबंधाने उलगडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली कांदा निर्यातबंदी मे २०२४ च्या आरंभी, निवडणूक ऐन भरात असताना उठली. किमान निर्यात मूल्याची अट मात्र सप्टेंबरमध्ये, लोकसभेचा निकाल पचवल्यावर आणि विधानसभा समोर दिसू लागल्यावर गेली. जूनच्या अखेरीस मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात महिलांना दरमहा १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आणि दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आले. खुद्द अजित पवारांनी ऑगस्टमध्ये जाहीरपणे मान्य केले की बहिणीविरुद्ध पत्नीला उभे करणे ही चूक होती. हे सर्व जूनच्या निकालाशिवाय झाले असते असे कोणीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

विरोधकांनी त्याच निकालाचे काय केले? त्यांनी तो विजय म्हणून वाचला. कौल आपल्या बाजूने लागला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजून जागावाटपाचे वाद सुरू झाले. ‘कौल’ या शब्दात येथे दडलेली गंमत पाहण्यासारखी आहे. देवळात कौल लावतात तेव्हा पाकळी डावीकडे की उजवीकडे पडली एवढेच दिसते. तिचा अर्थ गुरव सांगतो. मतपेटीतील कौलालाही गुरव लागतो, आणि ज्याच्या विरोधात कौल गेला तो गुरवाचे बोलणे अधिक कान देऊन ऐकतो.

हा अनुभव एका निवडणुकीपुरता नाही. डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तीन राज्ये भाजपने जिंकली, त्या उत्साहात लोकसभेची निवडणूक अलीकडे आणली आणि मे २००४ मध्ये सत्ता गमावली. डिसेंबर २०१८ मध्ये हीच तीन राज्ये त्याच पक्षाने गमावली. दोन महिन्यांच्या आत शेतकऱ्यांना वर्षाला ६००० रुपये देणारी योजना जाहीर झाली, आणि मे २०१९ मध्ये पक्षाला ३०३ जागा मिळाल्या. मधल्या काळात पुलवामा व बालाकोट घडले, हे विसरून चालणार नाही. तरीही ही जोडी बोलकी आहे. पुण्यातील कसबा पेठेत मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचा जुना गड घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पराभूत झालेल्या हेमंत रासने यांनीच तो परत मिळवला. मधला विजय झोप आणतो आणि मधला पराभव झोप उडवतो, असे म्हणावेसे वाटते.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. ही दुरुस्ती म्हणजे निव्वळ मलमपट्टी नव्हे काय? निवडणुकीच्या तोंडावर खात्यात आलेले पैसे म्हणजे सत्ताधाऱ्याला सुचलेले शहाणपण, की मताची किंमत? आक्षेपात तथ्य आहे. त्याचे उत्तर आम्ही नोव्हेंबर २०२४ नंतरच्या काळात शोधतो. महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफीचे आणि लाडक्या बहिणींना दरमहा २१०० रुपये देण्याचे आश्वासन होते. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्री या नात्याने अजित पवारांनी शेतकऱ्यांना सांगितले की पीककर्जाचे पैसे ३१ मार्चपर्यंत भरा. कर्जमाफीची वाट पाहू नका, असा त्याचा अर्थ. तिजोरीच्या दृष्टीने ते बोलणे कदाचित खरेही असेल. पण ते निकालापूर्वी चार महिने न सांगता निकालानंतर चार महिन्यांनी सांगितले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. मतदान जवळ असते तेव्हा शासनाचा कान उघडा असतो, ते दूर गेले की तो मिटतो. मलमपट्टी असली तरी ती जखम पाहिल्यावरच होते.

आणि नेमक्या याच काळात पाहण्याची सोय बंद होती. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात राज्यभरातील स्थानिक निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर, डिसेंबर २०२५ पासून मतदान टप्प्याटप्प्याने सुरू झाले. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ बारामती-इंदापूरच्या माणसाला गटाचा सदस्य नव्हता, पंचायत समितीचा सभापती नव्हता. रस्ता उखडला तर जाब विचारावयास अधिकारी होता. पण ज्याला पुन्हा मत मागावयास यावे लागेल असा कोणी नव्हता. याची फारशी चर्चा झाली नाही. झालेल्या निवडणुकीवर अग्रलेख येतात. न झालेल्या निवडणुकीवर कोण लिहिणार?

१७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि पुढे ते संयुक्त समितीकडे गेले. लोकसभा व सर्व विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात हा त्याचा हेतू. त्यातील एक तरतूद आमच्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित झाले, तर होणारी निवडणूक उरलेल्या मुदतीपुरतीच असेल, आणि तिला ‘मध्यावधी निवडणूक’ असे नाव असेल. वृत्तपत्री शब्दाला घटनेत स्थान मिळण्याचा हा प्रसंग. आणि त्याच वेळी ज्याला खरोखर मधला कौल म्हणावे त्याची जागा मात्र नाहीशी होण्याचा. त्याआधी मार्च २०२४ मध्ये कोविंद समितीने तर स्थानिक संस्थांचे मतदानही त्यापासून शंभर दिवसांच्या आत उरकावे अशी शिफारस केली होती.

एकत्र निवडणुकांच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे पोकळ नाहीत. खर्च होतो, आचारसंहितेमुळे कामे थांबतात, निवडणुकीच्या कामाला जुंपलेला शिक्षक वर्गाबाहेर राहतो. मतदार गोंधळेल हा उलट बाजूचा आक्षेप आम्ही स्वतःच १९९९ चा दाखला देऊन खोडून काढला आहे. एकाच दिवशी दोन भिन्न उत्तरे देण्याइतका मतदार निश्चितच जाणता आहे. मात्र १९९९ आणि २०२४ यांत एक फरक आहे. १९९९ मध्ये मतदाराने दोन उत्तरे दिली. २०२४ मध्ये त्याने एक उत्तर दिले, त्यावर सत्ताधारी काय करतो ते पाहिले आणि मग दुसरे दिले. पहिल्यात निवड आहे. दुसऱ्यात बोलणे आहे, ऐकणे आहे, पुन्हा बोलणे आहे. सर्व मतदान एका हंगामात उरकले तर निवड राहील, पण हे बोलणे-ऐकणे पाच वर्षांसाठी थांबेल. वाचलेल्या खर्चाचा आकडा मांडता येतो. या थांबण्याचा आकडा कोणत्याही ताळेबंदात येत नाही. म्हणून आमचे मत एकत्र निवडणुकांच्या विरोधात आहे, आणि स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षे लांबवण्याच्या तर अधिकच विरोधात आहे.

आपल्या राजकीय कादंबरीनेही या मधल्या माणसाकडे फारसे पाहिलेले नाही. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’मध्ये खुर्ची डळमळते ती मंत्र्यांच्या आणि कारस्थान्यांच्या हालचालींनी. सरकार पडते कसे, हे आपल्या साहित्याने समर्थपणे दाखवले. न पडलेल्या सरकारला मतदार मधूनच कसा हलवतो, हे सांगणारी कादंबरी अजून लिहिली जावयाची आहे. तिला नाट्य कमी मिळेल, कारण तिचा नायक उसाचे बिल खिशात घालून मतदानाला जातो आणि घरी परत येऊन काही बोलत नाही.

जुन्या मराठी कागदपत्रांत कौल देत असे तो राज्यकर्ता. पडलेली जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला अभय आणि साऱ्याची सवलत यांचा तो शब्द असे, आणि तो ठरावीक मुदतीचा असे. लोकशाहीने देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली. आता कौल रयत देते. मुदतीच्या मध्येच, जमीन कशी कसली जात आहे हे पाहण्याचा हक्कही त्यासोबत तिच्याकडे आला आहे. तो पाच वर्षांतून एकदाच बजावता यावा, असे म्हणणाऱ्यांनी कौल या शब्दाचा अर्धाच अर्थ लक्षात ठेवला आहे.